जन्मवजनाच्या नोंदवह्या आणि उत्तरायुष्यातील आरोग्य : एका सिद्धान्ताचा इतिहास

मध्यमवयात जडणाऱ्या हृद्रोग, मधुमेह यांसारख्या विकारांची कारणे शोधताना वैद्यकशास्त्राने विसाव्या शतकाचा बराच काळ प्रौढ माणसाच्या राहणीचे निरीक्षण केले. तंबाखू, तूपतेल, बैठा व्यवसाय, जागरण, मनस्ताप ही कारणे त्यातून पुढे आली, आणि ती खोटी ठरली असे मुळीच नव्हे. तथापि शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत या कारणांच्याही मागे जाणारा एक विचार मूळ धरू लागला. मातेच्या उदरात आणि जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत देहाला जे पोषण मिळते, त्याची खूण पुढे पन्नास-साठ वर्षे टिकून राहते, असा हा विचार होय. त्याचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. या सिद्धान्ताचा मूळ पुरावा सुइणींनी, परिचारिकांनी आणि कचेऱ्यांतील लेखनिकांनी निराळ्याच हेतूने लिहून ठेवलेल्या नोंदींत सापडला. त्या नोंदींत काय टिपले गेले आणि काय वगळले गेले, यावर त्या सिद्धान्ताचे बळ व मर्यादा ही दोन्ही अवलंबून राहिली.

या नोंदींपैकी सर्वांत प्रसिद्ध नोंदी इंग्लंडातील हर्टफर्डशर परगण्यातल्या होत. बोअर युद्धाच्या काळी (१८९९-१९०२) सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकी पुष्कळजण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा राज्यकर्त्यांना राष्ट्राच्या भावी बळाची चिंता वाटू लागली. या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये आपला अहवाल सादर केला. अर्भकांचे संगोपन हा तोवर घरातला प्रश्न मानला जाई. तो आता सरकारी दप्तराचा विषय झाला. हर्टफर्डशरमध्ये हे काम एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंकडे आले. परगण्यातील आरोग्यपरिचारिकांच्या त्या प्रमुख आणि सुइणींच्या निरीक्षक होत्या. १९११ पासून तेथे अशी पद्धत बसविण्यात आली की, जन्म झाला म्हणजे सुइणीने वर्दी द्यावी व बाळाचे वजन लिहावे. पुढे वर्षभर परिचारिकेने अधूनमधून घरी जावे. मूल अंगावर पिते की बाटलीने, त्याला कोणते आजार झाले, हे टिपावे. आणि वर्ष पुरे होताच पुन्हा वजन करावे. मराठी घरातील वडीलधाऱ्या बायका मुलाने बाळसे धरले की नाही हे नजरेने ठरवीत आल्या आहेत. हर्टफर्डशरच्या परिचारिकांनी तेच तराजूवर घातले आणि पौंडांत लिहून ठेवले. हा क्रम १९४८ पर्यंत चालला. त्यानंतर त्या वह्या दप्तरात बंद झाल्या.

वह्यांचे हे लेखन चालू असतानाच युरोपच्या दुसऱ्या भागात एक भयंकर प्रसंग घडला. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या परागंदा सरकारच्या आवाहनावरून तेथील रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागातील अन्नाची वाहतूक रोखली. पुढे कडाक्याच्या थंडीने कालवेही गोठले. ॲम्स्टरडॅमसारख्या शहरांत नोव्हेंबरअखेर माणशी दैनिक शिधा १,००० उष्मांकांच्या खाली गेला, आणि डिसेंबरनंतर तो ४०० ते ८०० उष्मांकांच्या दरम्यान राहिला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तोवर सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली होती.

दुष्काळ जगाला नवे नाहीत. परंतु या उपासमारीचा आरंभ व शेवट दिनांकाने सांगता येत होता, आणि ती ज्यांच्यावर कोसळली त्यांच्या जन्माच्या, शिध्याच्या व पुढे सैनिकी तपासणीच्या नोंदी जशाच्या तशा उपलब्ध होत्या. झेना स्टाइन, मर्विन सुसर आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदी एकमेकींशी जुळवून १९७५ मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. उपासमारीच्या काळात गर्भात असलेल्या मुलांची बुद्धी एकोणिसाव्या वर्षी इतरांपेक्षा मंद आढळली नाही, हा त्यातील एक दिलासा देणारा निष्कर्ष होता. १९७६ मध्ये मात्र सुमारे ३,००,००० तरुणांच्या नोंदींवरून दुसरी गोष्ट पुढे आली. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात ज्यांना उपासमार भोगावी लागली, त्यांच्यात स्थूलतेचे प्रमाण अधिक होते. अखेरच्या तिमाहीत व जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत ज्यांना ती भोगावी लागली, त्यांच्यात ते कमी होते. म्हणजे उपासमार किती झाली याइतकेच ती केव्हा झाली यालाही महत्त्व होते. पुढे १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका रुग्णालयात जन्मलेल्या व पन्नाशीला पोहोचलेल्या स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. गर्भावस्थेत ही उपासमार भोगलेल्यांच्या रक्तात, साखर पाजल्यानंतर दोन तासांनी, तिचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले.

हर्टफर्डशरच्या वह्यांचा उपयोग याच सुमारास झाला. साउदॅम्प्टन येथील रोगप्रसारशास्त्रज्ञ डेव्हिड बार्कर (१९३८-२०१३) यांनी क्लाइव्ह ऑझ्मंड यांच्यासह १९८६ मध्ये एक विलक्षण मेळ दाखवून दिला. इंग्लंड व वेल्सच्या ज्या भागांत शतकाच्या आरंभी बालमृत्यू अधिक होते, त्याच भागांत पुढे हृदयविकाराचे मृत्यूही अधिक होते. हृदयविकार हा सुबत्तेचा रोग समजला जाई. मग तो गरीब भागांतच अधिक का असावा? प्रदेशांच्या तुलनेने हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. त्यासाठी एकेका माणसाचे जन्मवेळचे वजन व त्याच्या मृत्यूचे कारण ही दोन्ही हाती असणे आवश्यक होते. बर्नसाइडबाईंच्या वह्यांनी त्यांपैकी पहिला दुवा पुरविला. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या मृत्यूचे राष्ट्रीय प्रमाण १०० धरले, तर वर्षाचे असताना १८ पौंड किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत ते १११ होते, आणि २७ पौंड वा अधिक वजन असलेल्यांत केवळ ४२. १९९२ मध्ये बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी या निरीक्षणांना एक उपपत्ती दिली. उदरात अन्नाची टंचाई भासली म्हणजे गर्भ काटकसरी बनतो. मेंदूचे पोषण राखण्यासाठी तो इतर इंद्रियांच्या वाढीत कपात करतो. जन्मानंतरही टंचाईच राहिली तर ही काटकसर उपयोगी पडते. पुढे मुबलक अन्न मिळू लागले तर मात्र तोच देह ते पेलू शकत नाही, आणि मधुमेहासारखे विकार उद्भवतात.

ही उपपत्ती सर्वांनी निमूटपणे स्वीकारली नाही. कमी वजनाने जन्मलेली मुले बहुधा गरिबांची असतात व पुढेही गरिबीतच वाढतात. तेव्हा रोगाचे कारण गर्भातील पोषण की आयुष्यभराचे दारिद्र्य, असा आक्षेप आला. रक्तदाबाविषयी २००२ मध्ये झालेल्या एका समालोचनात असे दिसले की, अभ्यास जसजसे मोठे होत गेले तसतसा जन्मवजनाचा प्रभाव लहान होत गेला. रशियातील लेनिनग्राड शहर १९४१ ते १९४४ पर्यंत वेढ्यात सापडले होते. तेथे गर्भावस्थेत उपाशी राहिलेल्यांची तपासणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा साखर पचविण्याच्या त्यांच्या शक्तीत हॉलंडप्रमाणे फरक आढळला नाही. हॉलंडात उपासमारीमागोमाग सुबत्ता आली, लेनिनग्राडात ती आली नाही, असे याचे स्पष्टीकरण देण्यात आले. ते काटकसरीच्या उपपत्तीशी जुळते. परंतु एकच उपपत्ती दोन विरुद्ध निष्कर्षांचे समर्थन करू लागली की तिच्याकडे सावधपणे पाहणे इष्ट होय.

याहूनही मूलभूत उणीव वह्यांतच होती. १९८९ च्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. लग्नानंतर नाव बदलल्याने त्यांचा माग काढणे कठीण जाई, आणि त्यांच्याविषयीचे निष्कर्ष १९९३ मध्ये स्वतंत्रपणे आले. शिवाय या वह्यांत बाळाचे वजन होते, पण आईच्या आहाराचा उल्लेख नव्हता. गर्भपोषणाचा सिद्धान्त अशा रीतीने मातेची नोंद नसलेल्या कागदांवर उभा होता. बाळाच्या वजनावरून आईच्या पोषणाचा तर्क केला जाई. तो तर्क कितपत खरा, हे पाहण्यासाठी आईपासून आरंभ होणारी नवी वही आवश्यक होती, आणि ती पुण्याजवळच्या खेड्यांत लिहिली गेली.

भारतात या विषयाचा आरंभही जुन्या दप्तरानेच झाला. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून नवजात बालकांची वजने व मापे लिहिली जात. तेथे १९३४ ते १९५४ मध्ये जन्मलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांच्या तपासणीचा वृत्तान्त १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः २·५ किलो किंवा कमी वजन असलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकार होता. ३·१ किलो वा अधिक वजनाच्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की, कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत रक्तातील साखरेचा फरक चौथ्या वर्षीच दिसू लागतो. साठ वर्षे थांबण्याची आवश्यकता नव्हती.

त्याआधीच, १९९३ मध्ये, याच गटाने साउदॅम्प्टनच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला होता. दोन हजारांहून अधिक स्त्रियांची मापे त्यांना दिवस जाण्याच्या आधीच घेतली गेली, आणि ज्या गरोदर राहिल्या त्यांचा आहार, श्रम व रक्त यांची नोंद होत गेली. या माता सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या व १५२ सेंटिमीटर उंचीच्या होत्या. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या रोजच्या आहारात जवळजवळ १,८०० उष्मांक व ४५ ग्रॅम प्रथिने असत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळाच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध किती वेळा खाण्यात येतात याच्याशी अधिक स्पष्ट दिसला. २००३ मध्ये श्रमांचा हिशेबही पुढे आला. शेतीचे व पाणी वाहण्याचे कष्ट ज्यांना गरोदरपणातही चुकले नाहीत, त्यांची बाळे लहान भरली. त्याच वर्षी खेड्यांतील ६३१ नवजात बालकांची साउदॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २·७ किलो, तर तिकडील बाळांचे ३·५ किलो. पोटाचा व दंडाचा घेर फारच लहान. परंतु खांद्याच्या फऱ्याखालील चरबीची घडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. जे मूल पाहणाऱ्याला हडकुळे वाटे, त्याच्या अंगी स्नायू कमी व मेद राखलेला होता. ‘हडकुळे’ आणि ‘मेदस्वी’ हे शब्द मराठीत एकमेकांचे विरोधी मानले जातात. या बालकांच्या वर्णनासाठी मात्र दोन्ही एकत्र योजावे लागतात. भारतीय माणसाला तुलनेने कमी वजनातच मधुमेह का जडतो, या प्रश्नाचा एक धागा येथे सापडतो.

या वहीने आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व अपुरे होते. २००८ मधील निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. गोळ्या वाटून भागते ही समजूत त्यामुळे सावधपणे तपासावी लागली; एक घटक वाढविताना दुसऱ्याची उणीव तशीच राहिली तर लाभाची खात्री देता येत नाही.

निरीक्षणावरून उपायाकडे जाण्याचा मोठा प्रयत्न मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला. २००६ पासून तेथे सहा हजारांहून अधिक स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला पालेभाजी, सुका मेवा व दूध यांपासून केलेला अल्पाहार दिवस जाण्याच्या आधीपासून प्रसूतीपर्यंत देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व बाळे एकत्र धरता जन्मवजनात निर्णायक फरक दिसला नाही. गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने ज्यांना हा आहार मिळाला, त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. ही वाढ अल्प आहे. पण गरोदरपणी सुरू केलेल्या उपायाला उशीर झालेला असतो, हा तिच्यातील बोध अल्प नाही.

या इतिहासातून एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे, तो म्हणजे मुलाच्या भावी आजाराचे खापर आईवर फोडण्याचा. गर्भवतीला मराठीत ‘दोन जिवांची’ म्हणतात, आणि तिने दोघांचे खावे असा उपदेशही होतो. पुण्याकडील खेड्यांची वही वेगळे सांगते. ४२ किलोची माता गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत तशी झालेली नसते. तिची उंची व वजन तिच्या स्वतःच्या बालपणी, भावंडांच्या पंक्तीत तिच्या वाट्याला काय आले त्यावर आणि लहानपणापासून वाहिलेल्या पाण्यावर ठरलेले असते. तेव्हा या सिद्धान्ताने जबाबदारी टाकलीच असेल तर ती घरावर व समाजावर टाकली आहे, आणि ती मुलगी गरोदर होण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते.

भारतात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाल्यापासून अंगणवाडीसेविका गावोगाव मुलांची वजने लिहीत आल्या आहेत. त्यांतील कित्येक नोंदी केवळ तक्ता पुरा करण्याचे काम म्हणून होतात व पुढे रद्दीत जातात. बर्नसाइडबाईंच्या परिचारिकांनाही आपण हृदयविकाराचा पुरावा लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त वजन खरे लिहिले आणि वही जपली गेली. अंगणवाडीच्या वहीत मुलाच्या वजनाशेजारी त्याच्या आईचेही वजन त्याच काटेकोरपणे लिहिले गेले व ते दप्तर जपले गेले, तर हर्टफर्डशरच्या वह्यांत जे नव्हते ते पुढच्या अभ्यासकाच्या हाती येईल.