घरच्या घरीं वीज

भिंतीवरील बटन दाबलें कीं दिवा लागतो, ह्या गोष्टीची आपणांस इतकी सवय झाली आहे कीं, त्या बटनामागील तार तेथपर्यंत कोणी व कशी आणली, हा प्रश्न दिवा विझल्यावांचून आपल्या मनांत येत नाहीं. दिवा विझला म्हणजे मात्र घरांतील एखादा उत्साही गृहस्थ स्टूल ओढून त्यावर चढतो, आणि बाकीची मंडळी खालून 'आधीं मेन बंद करा' म्हणून ओरडूं लागतात. ह्या ओरडण्याला आतां जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे. विजेच्या दिव्याचा इतिहास म्हटला कीं आपण एडिसनच्या कारखान्यापासून आरंभ करतों व शहरांतील वीजगृहांपाशीं येऊन थांबतों. तो मार्ग चुकीचा नव्हे. परंतु घरांतील तारेचा इतिहास त्याहून निराळा आहे. ती प्रथम कोणा कंपनीनें घातली नाहीं. घरमालकांनीं ती आपल्या हौसेनें घातली, तिचे चटके सोसले, आणि त्या चटक्यांतून पुढें नियम निघाले. चटके मात्र नेहमीं हौस करणारालाच बसले असें नाहीं. आणि येथें मुख्यतः तेंच सांगावयाचें आहे.

इ. स. १८८० मध्यें इंग्लंडांतील एखाद्या गृहस्थास आपल्या दिवाणखान्यांत विजेचा दिवा असावा असें वाटलें, तर त्याला वीज विकत देणारें कोणी नव्हतें. गोडाल्मिंग ह्या लहानशा गांवीं सार्वजनिक वीजपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला तो १८८१ मध्यें. लंडनांतील होबर्न व्हायाडक्टवरील व न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचीं वीजगृहें १८८२ चीं. तोंपर्यंत ज्याला दिवा पाहिजे असेल त्यानें डायनामो आणावा, तो फिरविण्यास पाणी अगर एंजिन शोधावें, तार आपल्या माणसांकडून ओढवून घ्यावी, आणि ती कशांत गुंडाळावी, कोठें जोडावी व किती जाड घ्यावी, हें स्वतःच्या बुद्धीनें ठरवावें. शिकलेला वायरमन हा प्राणी अद्याप जन्मास आला नव्हता. होते ते तारायंत्राचे कामगार. पण तारायंत्राच्या तारेंतील प्रवाह इतका क्षीण असे कीं, त्या कामांत मुरलेला मनुष्यहि दिव्याच्या तारेपुढें नवशिकाच ठरे.

ह्या हौशी मंडळींत अग्रपूजेचा मान सर विल्यम आर्मस्ट्राँग ह्यांचा. हे मूळचे वकील. पुढें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या व तोफा बनवून त्यांनीं न्यूकॅसल येथें अफाट संपत्ति मिळविली, आणि नॉर्थंबरलंड परगण्यांत रॉथबरीजवळ डोंगराच्या कुशींत क्रॅगसाइड नांवाचें घर बांधलें. पाणी हा त्यांचा ध्यास. स्वयंपाकघरांतील मांस भाजण्याचा गजदेखील पाण्याच्या जोरावर फिरत असे. तेव्हां आपल्या इस्टेटींतील पाणी त्यांनीं दिवे लावण्याच्या कामीं जुंपलें ह्यांत नवल नाहीं. १८७८ मध्यें त्यांनीं आपल्या चित्रशाळेंत आर्क दिवा लावला. कोळशाच्या दोन कांड्यांच्या टोंकांमध्यें प्रखर ज्योतीची कमान धरून ठेवणारा हा दिवा. त्याचा प्रकाश रस्त्यास किंवा गोदीस ठीक, परंतु बसाउठावयाच्या खोलींत डोळ्यांस असह्य. त्याच सुमारास त्याच भागांतले रसायनज्ञ जोसेफ स्वान हे निर्वात कांचेच्या गोळ्यांत कोळशाचा तंतु तापवून स्थिर व सौम्य प्रकाश मिळविण्याच्या खटपटींत यशस्वी झाले होते. १८८० च्या अखेरीस स्वान ह्यांच्या देखरेखीखालीं क्रॅगसाइडमध्यें हे नवे गोळे बसले.

जानेवारी १८८१ मध्यें आर्मस्ट्राँग ह्यांनीं 'दि एंजिनियर' ह्या नियतकालिकास पत्र लिहून ही सर्व व्यवस्था वर्णिली. घरगुती विजेच्या इतिहासांत हें पत्र मोठ्या मोलाचें आहे, कारण त्यांत उत्साह आहे आणि हिशेबहि आहे. जलचक्र ६ अश्वशक्तीचें. तें घरापासून १,५०० यार्ड दूर. एकंदर दिवे ४५, परंतु एका वेळीं लागत ते फार तर ३७. ग्रंथशाळा ३३ फूट लांब व २० फूट रुंद. तीस ८ दिवे. त्यांतील ४ एकाच घुशी कांचेच्या हंडींत छताला टांगलेले, आणि उरलेले ४ खोलींत ठिकठिकाणीं, तांब्यावर मिनाकाम केलेल्या फुलदाण्यांच्या डोक्यावर बसविलेले.

ह्या फुलदाण्यांची योजना जरा थांबून पाहण्यासारखी आहे. फुलदाणीच्या बैठकीच्या मध्यभागीं आर्मस्ट्राँग ह्यांनीं पाऱ्याची एक लहानशी वाटी बसविली, व ती भोंवतालच्या धातूपासून अलग ठेविली. येणारी तार ह्या वाटीपर्यंत. दिव्यापासून निघून फुलदाणीच्या पोटांतून खालीं आलेल्या दुसऱ्या तारेचें टोंक उघडें. फुलदाणी जागेवर ठेविली कीं तें पाऱ्यांत बुडे व दिवा लागे, आणि ती उचलली कीं दिवा विझे. परतीच्या प्रवाहाची वाट म्हणजे फुलदाणीचें तांबेंच! बटनाचें काम सगळ्या फुलदाणीनें करावें, ही कल्पना एखाद्या कवीस सुचावी अशी आहे. आजच्या वायरमनच्या अंगावर मात्र ती ऐकून कांटा येईल. दिव्याचें बाहेरील अंग प्रवाहाच्या मार्गांत येतां कामा नये हा आज पहिला धडा. येथें हातांत धरावयाची वस्तूच मार्गांत, आणि भरीला उघडा पारा. स्वानच्या त्या दिव्यांना लागणारा दाब आपल्या घरांतील २३० व्होल्टांच्या मानानें बराच कमी होता, म्हणून हें खपून गेलें.

सर्वत्र तें खपलें नाहीं. हॅटफील्ड येथील लॉर्ड सॅलिसबरी हे पुढें तीन वेळां ब्रिटनचे मुख्य प्रधान झाले. परंतु राजकारणांतून सुटका झाली कीं ते आपल्या प्रयोगशाळेंत शिरत. रसायन व वीज ह्यांचा त्यांना मनस्वी नाद. त्यांचा वाडा १६११ मध्यें पुरा झालेला. आंत जुन्या लाकडाचें काम जागोजाग. इस्टेटीवर लांकूड कापण्याची गिरणी होती, तिच्या पाण्यावर त्यांनीं डायनामो बसविला व वाड्यापर्यंत तारा नेल्या. त्यांच्या कन्येनें लिहिलेल्या चरित्रांत ह्या दिवसांचें मोठें खेळकर वर्णन आहे. कधीं दिवे विझत आलेल्या निखाऱ्यासारखे तांबडे होत, कधीं डोळे दिपवीत, तर कधीं ठिणग्या उडून एकदम काळोख होई. एकदां संध्याकाळीं पाहुणे मंडळी लांब दिवाणखान्यांत बसली असतां छतालगतच्या तारांनीं पेट घेतला. घरच्या मंडळींनीं उशा फेंकून ती आग विझविली, आणि पुन्हा गप्पांस आरंभ झाला.

ही गोष्ट विजेच्या इतिहासकारांस फार प्रिय आहे, व ती आहेहि तशीच. परंतु तिच्याच शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवावी लागते. १८८१ मध्यें ह्याच हॅटफील्डच्या आवारांत एका माळ्याचा विजेच्या तारेला स्पर्श होऊन मृत्यु झाला. ब्रिटनमध्यें विजेच्या दिव्याच्या तारेनें घेतलेल्या अगदीं पहिल्या बळींत त्याची गणना होते. ज्या दिव्यांसाठीं ती तार बागेंतून नेली होती, ते दिवे त्याच्या घरीं लागावयाचे नव्हते.

'घरच्या घरीं', 'स्वतः केलें', हे शब्द त्या काळच्या वर्णनांत वारंवार येतात, आणि त्यांचा अर्थ बेतानेंच घ्यावयास पाहिजे. आर्मस्ट्राँग काय किंवा सॅलिसबरी काय, कल्पना त्यांची, पैसा त्यांचा, आणि कांहीं अंशीं हातहि त्यांचे. परंतु झाडांत शिरून तार ओढणारे, ओल्या गवतांतून तिच्याजवळून रोज जाणारे हात निराळे. प्रयोगशाळेंत प्रयोग फसला तर प्रयोग करणारा सावध असतो. बाग ही कांहीं प्रयोगशाळा नव्हे, आणि माळ्याला आपण प्रयोगांत उभे आहों हें कोणी सांगितलेलें नसतें. इतिहासाच्या प्राध्यापकाला असले माळी पदोपदीं भेटतात. त्यांचीं नांवें बहुधा तळटीपेंत असतात.

चुका होत होत्या त्या कशामुळें? निष्काळजीपणापेक्षां अज्ञान अधिक. तारेंतून प्रवाह गेला कीं ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. बारीक तारेवर अधिक दिवे टांगले कीं ती आंतल्या आंत तापून वेष्टणाचा सुती धागा जाळते. सांधा सैल असला तर सगळी तार गार राहून तेवढाच सांधा लाल होतो, आणि तो असतो नेमका लांकडी पट्टीखालीं, डोळ्यांआड. तार किती जाड घ्यावी ह्याचें गणित १८८१ मध्यें सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनीं यॉर्क येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत मांडलें. तें मुख्यतः काटकसरीचें होतें. तांब्यांत अडकलेल्या भांडवलाचें वार्षिक व्याज आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणाऱ्या शक्तीची वार्षिक किंमत हीं जेथें समान होतील, ती जाडी सर्वांत स्वस्त. ग्लासगो विद्यापीठाच्या आवारांतील आपलें राहतें घरहि त्यांनीं त्याच वर्षीं विजेच्या दिव्यांनीं उजळलें. परंतु हें गणित माळ्यांस किंवा सुतारांस उपयोगी पडणारें नव्हतें. त्यांना पाहिजे होते ते साधे नियम.

ते १८८२ मध्यें आले, आणि ते कोणाकडून आले हें लक्षांत घेण्यासारखें आहे. एक संच फीनिक्स ह्या आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपनीसाठीं मस्ग्रेव्ह हीफी ह्यांनीं तयार केला. दुसरा संच तारायंत्र-एंजिनियरांच्या सोसायटीचा. हीच संस्था पुढें इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल एंजिनियर्स झाली, आणि ब्रिटनचे आजचे वायरिंगचे नियम त्याच मूळ पत्रकाचे वंशज आहेत. पत्रक अवघें चार पानांचें. त्याचें नांवच मुळीं 'विजेच्या दिव्यांपासून उद्भवणाऱ्या आगीच्या भयाचें निवारण' अशा अर्थाचें आहे. डायनामो, तारा, दिवे ह्यांच्यासंबंधीं सांगून झाल्यावर शेवटीं 'मनुष्यास असलेला धोका' हा भाग येतो. माझ्या मतें हा क्रम बोलका आहे. वाडा जळाला तर विमा कंपनीस रक्कम मोजावी लागे. माळी गेला तर तसें कांहीं नव्हतें. तथापि न्याय करावयाचा तर हेंहि म्हटलें पाहिजे कीं, विजेचे दोष हे आंतले व अदृश्य असतात, ते डोळ्यांनीं न शोधतां मापन करूनच शोधावे लागतात, आणि वाईट सांधा हा त्यांतला मोठा शत्रु होय, हें ह्या पत्रकानें इतक्या लवकर ओळखलें होतें. शहाणपण नवें नाहीं. तें पाळण्याचा कंटाळा तेवढा जुना आहे.

पुढील दहा वर्षांत बाकीचें सामान हळूहळू घरास शोभेसें झालें. १८८४ मध्यें न्यूकॅसलच्याच जॉन हेन्री होम्स ह्यांनीं झटक्यानें उघडझांप करणारें बटन काढलें. बटन सावकाश उघडलें तर मधल्या फटींत ठिणगी टिकून राहते व पत्रे जाळते. होम्स ह्यांच्या बटनांत, हात कितीहि संथ असला तरी, संपर्क तुटे तो एकदम. आपण ऐकतों तो 'खट्' आवाज त्या युक्तीचा. लंडनमध्यें लेडी रँडॉल्फ चर्चिल ह्यांनीं तळघरांत डायनामो ठेवून घर उजळलें, त्याच्या धडधडीची व ऐन मेजवानींत दिवे गेल्याची हकीकत त्यांनीं आपल्या आठवणींत दिली आहे. १८९१ मध्यें मिसेस जे. ई. एच. गॉर्डन ह्यांचें 'डेकोरेटिव्ह इलेक्ट्रिसिटी' हें पुस्तक निघालें. दिवा कोठें असावा हें तार नेणाराच्या सोयीनें न ठरवितां बसणाराच्या डोळ्यांच्या सोयीनें ठरवावें, ही घरधनिणीची दृष्टि त्यांत आहे. आणि आगीच्या धोक्यावरील प्रकरण मात्र एंजिनियर यजमानांनीं लिहिलें आहे! श्रमविभागाचा हा नमुना मनोरंजक खरा.

आपल्या मुंबईस विजेचा दिवा फार उशिरां आला अशी पुष्कळांची समजूत असते. क्रॉफर्ड मार्केटांत तो १८८२ मध्येंच लागला होता. पुढील वर्षीं म्युनिसिपालिटीनें मार्केट व कांहीं रस्ते उजळण्याचा एका कंपनीशीं करार केला. ती कंपनी वर्षभरांत बुडाली, आणि मार्केटांत पुन्हा ग्यास आला. घरोघरीं वीज पोंचविण्याचें काम खऱ्या अर्थानें सुरू झालें तें १९०५ मध्यें स्थापन झालेल्या ट्रामच्या व विजेच्या कंपनीमुळें. म्हणजे येथें क्रम उलटा. तेथें घर आधीं व कंपनी मागाहून. येथें कंपनी आधीं, तिचे नियम आधीं, आणि घर नंतर. म्हणूनच कीं काय, तार हें परक्याचें खातें, आपण त्यांत पडूं नये, ही भावना आपल्या मध्यमवर्गांत मुरली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीं तर घरांतील वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावें असें ठरविलें. पण त्याच नियमांत दिवे, पंखे, फ्यूज व बटनें बदलण्याचें काम सुटें ठेविलें होतें. स्टुलावर चढणाऱ्या गृहस्थाला कायद्यानें दिलेली जागा ती एवढी.

त्या जागेंत त्यानें अवश्य वावरावें. फक्त मेन बंद केल्यावरहि तार मेली आहे कीं नाहीं हें टेस्टरनें तपासून पाहावें, आणि टेस्टर स्वतः शाबूद आहे कीं नाहीं हें आधीं चालू तारेवर पाहावें. नव्या घरांत आतां गळतीरोधक खटका बसवितात. ३० सहस्रांश अँपिअर इतका प्रवाह वाट सोडून, कोणाच्या देहांतून कां होईना, जमिनींत जाऊं लागला, तर तो क्षणार्धांत सगळी वीज तोडतो. जुन्या वाड्यांतून व चाळींतून तो नाहीं. तेथें सागवानी पट्टीवरून गेलेल्या तारांचें रबरी वेष्टण वाळून ठिसूळ झालेलें असतें, आणि पट्टीला नुसता हात लागला तरी त्याचा भुगा खालीं गळतो.