तेल आधीं कीं पाणी आधीं?

मार्गशीर्ष लागला म्हणजे गडचांदूरच्या बाजूस हवेंतील ओलावा पार आटून जातो. सकाळचा वारा अंगास झोंबूं लागतो, मुलांचे गाल फुटतात, नडगीवर नख ओढल्यास पांढरी रेघ उमटते आणि अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या टाचेंत चिरा पडतात. यावरील घरगुती उपचार ठरलेला आहे, तो म्हणजे फळीवरची तेलाची वाटी. जंगलालगतच्या वस्त्यांत ती मोहाच्या बियांच्या तेलाची असते. हें तेल थंडीनें तुपासारखें थिजतें, म्हणून चुलीजवळ ठेवून पातळ करावें लागतें. गांवांतील घरांतून तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल असतें. हा उपचार इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाही आपणांस येत नाहीं. परंतु तो आहे. आणि कित्येकांचे पाय वांचणें न वांचणें त्यावर अवलंबून राहिलें आहे, तेंही आमच्याच जिल्ह्यांत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, अभ्यंगाचें समर्थन तीन दृष्टांतांनीं केलेलें आहे: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाडीचा आंस. ज्याप्रमाणें या वस्तु स्नेहानें बळकट होतात, त्याप्रमाणें शरीरही होतें, असा ग्रंथकाराचा आशय. वाग्भटानें अभ्यंग नित्य करावयास सांगून मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितलें. त्याबरोबरच कफ वाढला असतां किंवा अजीर्ण झालें असतां तो वर्ज्यही ठरविला. रुक्षता हा वाताचा गुण आणि स्नेह हा त्याचा उतारा, ही या विचाराची बैठक. नरकचतुर्दशीच्या पहांटे आपण तेल-उटणें लावून जें स्नान करतों, त्यांत हीच परंपरा ऐन थंडीच्या तोंडाशीं उभी आहे.

पश्चिमेकडील वैद्यांचा मार्गही फारसा निराळा नव्हता. मेण, तेल व गुलाबपाणी घोटून केलेला लेप दुसऱ्या शतकांतील गेलन या वैद्याच्या नांवावर सांगतात. १७७९ मध्यें शील यानें ऑलिव्हच्या तेलापासून ग्लिसरीन वेगळें केलें. १८७२ मध्यें चेसब्रो यानें व्हॅसलीनचें पेटंट घेतलें. मुंबईंत पाटणवाला यांनीं १९१९ मध्यें अफगाण स्नो काढला आणि मध्यमवर्गीय घरांतील आरशापुढें तेलाच्या वाटीशेजारीं एक बाटली येऊन बसली. साधनें बदललीं, पण समजूत तीच राहिली: कातडींतील तेल सरलें म्हणून ती कोरडी पडते, तेल घातलें कीं मऊ होते.

या समजुतीला धक्का बसला १९५२ मध्यें. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकानें घट्ट्याच्या वाळलेल्या कातडीवर प्रयोग केले. तेलांत ठेवूनही तो तुकडा ठिसूळच राहिला. पाण्याचा अंश मिळतांच मात्र तो लवचीक झाला. म्हणजे कातडीस मऊपणा देतें तें पाणी, तेल नव्हे! मग तेलाचें काम काय? पुढील संशोधनानें त्याचाही उलगडा केला. आमच्या सिमेंटच्या गांवास समजेल असा दृष्टांत द्यावयाचा तर, त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे विटांची भिंत आणि त्या विटांमधील स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. कडकडीत पाणी आणि साबणांतील क्षार हा चुना धुऊन नेतात, फटी पडतात व आंतलें पाणी हवेंत उडून जातें. वरून लावलेलें तेल त्या फटी बुजवितें. परंतु राखावयास आंत पाणी तर असलें पाहिजे!

येथें चरकाचा घडा पुन्हा आठवतो. तेल मुरलेल्या घड्यांतून पाणी पाझरत नाहीं. तेव्हां आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊकच होतें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. चरकाचा मुद्दा घड्याच्या बळकटीचा आहे, पाणी राखण्याचा नाहीं. ग्रंथांत नाहीं तें ग्रंथकाराच्या तोंडीं घालणें हा त्याचा गौरव नव्हे.

या प्रश्नाचें खरें गांभीर्य कुष्ठरोग्याच्या पायांत दिसतें. या रोगांत नसा बधिर होतात. त्या जागीं घाम येत नाहीं आणि तळवा वाळलेल्या चामड्यासारखा होतो. त्याला चीर पडते, पण ती दुखत नाहीं. रोगी चालतच राहतो, चिरेची जखम होते व ती हाडापर्यंत जाते. बोटें रोगानें गळतात असें लोक समजत. पुष्कळदां त्या नाशाचा आरंभ एका न दुखणाऱ्या भेगेंत असे. विदर्भानें या रोग्यांना जवळ केलें, हें आपणांस भूषणावह आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ मध्यें काम आरंभिलें. सेवाग्रामास परचुरेशास्त्र्यांच्या अंगास महात्मा गांधी स्वतः मालीश करीत. आणि बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापून वरोऱ्यास आनंदवन उभें केलें. १९८० नंतरच्या दशकांत अनेक औषधांची संयुक्त उपचारपद्धति आली व रोगजंतु हटले; पण मेलेल्या नसा बहुधा परत येत नाहींत. अशा माणसास आजही रोज साध्या पाण्यांत वीस-तीस मिनिटें पाय बुडवून ठेवावयास, जाड झालेली कातडी हलकेंच घांसावयास आणि पाय ओले असतांच तेल लावावयास शिकवितात. ऊन पाणी मात्र वर्ज्य, कारण चटका त्यास कळत नाहीं.

म्हणजे क्रम ठरला: पाणी आधीं, तेल मागाहून. निरोगी माणसासही तोच लागू आहे. पाणी कोमट घ्यावें, साबण काटकसरीनें वापरावा, अंग टिपून ओलसर असतांच तेल लावावें. भेगेंतून रक्त वा पू येत असेल, मधुमेह असेल, किंवा अंगावरील एखाद्या कोरड्या चट्ट्यास स्पर्श कळत नसेल, तर वाटी बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. कुष्ठरोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें.

दिवाळीचा अभ्यंग आहे तसाच राहूं द्या. आजीची वाटीही राहूं द्या; ती न्हाणीघराच्या आंत जाण्यापूर्वीं नव्हे, बाहेर आल्यावर हातीं घ्यावी, एवढेंच.