पलुस्करांचा आवाज : तबकडीतून संगणकात

आयुष्याच्या उत्तरार्धात विष्णु दिगंबर पलुस्कर नाशिकला आले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम उभारला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पंडितजींनी विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीही तयार केली होती. गाणे कागदावर साठवण्याचीच ती एक रीत. तिच्यात स्वर येतात, मात्रा येतात. मींड मात्र बरीचशी निसटते. १९३१ मध्ये पंडितजी वारले तेव्हा त्यांचे पुत्र दत्तात्रेय दहा वर्षांचे होते. पुढे ते विनायकराव पटवर्धनांकडे शिकून मोठे गवई झाले आणि १९५५ साली, अवघ्या ३४व्या वर्षी, गेले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले त्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा वाटा मोठा आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचेच गाणे मावे. तबकडी लाखेपासून बनवलेली, म्हणजे ठिसूळ. शिवाय पोलादी सुई प्रत्येक वेळी खाच थोडी झिजवणार. म्हणून ती एकदाच नीट वाजवून संगणकात घ्यायची. पण किती बारकाईने?

वर्गात आपण दर तासाला तापमान नोंदवून आलेख काढतो, तसेच इथे ध्वनीच्या लहरीची उंची ठरावीक काळाने मोजतात. लहरीची सर्वांत जास्त वारंवारता जेवढी, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले की लहर पुन्हा पूर्ण उभी करता येते. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. १९८२ साली आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली ती यामुळेच. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या.

१९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली. तिची रीत निराळी. प्रत्येक मोजमाप एकाच बिटाचे, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. लहर वर गेली की १ दाट होतात, खाली आली की विरळ. सीडीच्या रूपात आणताना शेजारशेजारच्या बिटांची भारित सरासरी काढून कानापलीकडचा गोंगाट गाळावा लागतो. मात्र ही तबकडी कुलूपबंद होती. संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हला तिचा हा थर वाचताच येत नाही. २०११च्या सुमारास काही हौशी मंडळींनी प्लेस्टेशन ३च्या जुन्या यंत्रांतून वाट काढली. लाखेची तबकडी सुई टेकवली की बोलते, आणि विकत घेतलेली नवी तबकडी आपल्याच संगणकावर मुकी! आम्हाला हा उलटा प्रवास वाटतो.

जुन्या तबकडीसाठी एवढी बारकाई हवी का? गाण्यासाठी म्हणाल तर नको. खरखरीतून वर येणाऱ्या आवाजाला १६ बिटसुद्धा पुष्कळ होतात. तरीही ध्वनिसंग्रहालये सेकंदाला ९६,००० मोजमापे, २४ बिट, असा आग्रह धरतात. कारण आहे ओरखड्यांचे. ओरखड्याचा 'टक्' हा अत्यंत अल्पकाळाचा, टोकदार धक्का असतो. मोजमापे दाट असली की त्याचा आकार नेमका पकडला जातो, आणि त्याला स्वरापासून वेगळे ओळखून काढणे प्रोग्रामला सोपे जाते. म्हणजे आपण जी बारकाई साठवतो ती दोषाची असते. एका एकपदरी बाजूला मग तीन मिनिटांत ५२ मेगाबाइट लागतात.

फेऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. '७८' हा आकडा, विशेषतः सुरुवातीच्या काळात, काटेकोर पाळला जात नसे. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ने वाजवली तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि लयही वाढते. मोजमापे कितीही दाट घ्या, ही चूक तशीच राहते. ती पकडायला तो गवई कोणत्या पट्टीत गात असे हे ठाऊक असलेला श्रोता जवळ बसवावा लागतो.