घरची भाषा आणि घरचे धर्मशिक्षण : साष्टीतील ‘दोत्रिन’ ग्रंथांच्या आधारे एक विचार

लहान मुलांना घरी धर्माची ओळख करून द्यावयाची तर कोणता पाठ हाती घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता कौटुंबिक वाटतो. वसईच्या, पुण्याच्या किंवा सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावच्या मराठीभाषक कॅथॉलिक कुटुंबाला तो आज पडतो, तसाच तो सोळाव्या शतकात गोव्याच्या साष्टी महालात नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या संदर्भात धर्मोपदेशकांनाही पडला होता. या प्रश्नात तीन निवडी एकत्र गुंतलेल्या असतात. पाठ किती मोठा असावा, तो कोणत्या क्रमाने द्यावा आणि तो कोणत्या भाषेत असावा. पहिल्या दोन निवडींची चर्चा धर्मशिक्षणाच्या इतिहासकारांनी विपुल केली आहे. तिसरीकडे मात्र केवळ भाषांतराची बाब म्हणून पाहिले गेले. साष्टीचा इतिहास पाहता ही तिसरी निवडच निर्णायक ठरली असे दिसते, कारण घर हे शिक्षणाचे स्थान मानावयाचे की नाही, याचा निकाल तिच्यातच लागतो.

(१)

युरोपात या प्रश्नाची पद्धतशीर उत्तरे सोळाव्या शतकातच दिली गेली. मार्टिन ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी १५२९ साली निघाली. कुटुंबप्रमुखाने घरातील मुलांना व नोकरांना सोप्या रीतीने काय शिकवावे, हे सांगणे हा तिचा हेतू होता. कॅथॉलिक पक्षात पीटर कॅनिसियस याने १५५५ ते १५५८ या काळात प्रश्नोत्तरीचे तीन आकार सिद्ध केले. त्यांपैकी मोठी विद्वानांसाठी, सर्वांत लहान बालकांसाठी आणि मधली वाढत्या मुलांसाठी होती. वयानुसार पाठाची श्रेणी लावण्याची कल्पना येथे स्पष्टपणे अवतरते. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये, रविवारी व सणांच्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामात मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकविली जावीत, अशी जबाबदारी बिशपांवर टाकली. १५६६ ची रोमन प्रश्नोत्तरी मात्र मुलांसाठी नसून त्यांना शिकविणाऱ्या पाद्रींसाठी होती.

या दोन परंपरांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. ल्यूथरच्या योजनेत पाठ घरात सुरू होतो. त्रेंतोत्तर कॅथॉलिक योजनेत तो चर्चमध्ये सुरू होतो आणि मूल तो घरी घेऊन जाते. हिंदुस्थानात आली ती ही दुसरी योजना. मात्र येथे येताच तिच्यापुढे अशी एक अडचण उभी राहिली की जिचा विचार युरोपात त्या तीव्रतेने करावा लागला नव्हता. ती म्हणजे चर्चची भाषा आणि घरची भाषा यांमधील अंतर.

(२)

फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोहोचला. घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरावे, मुलांना व गुलामांना गोळा करावे आणि त्यांच्याकडून प्रार्थना व आज्ञा मोठ्याने म्हणवून घ्याव्यात, ही त्याची पद्धत प्रसिद्धच आहे. पुढे दक्षिणेकडील मच्छीमारांच्या किनाऱ्यावर त्याने हीच पद्धत तमिळ भाषेत चालविली. तेथून परतल्यावर १५४४ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, मुलांनी शिकलेले आईवडिलांना, घरच्या माणसांना व शेजाऱ्यांना शिकवावे असे आपण त्यांना बजावले. मुले वडीलधाऱ्यांच्या मूर्तिपूजेवर दोष ठेवतात आणि ते आपल्याला येऊन सांगतात, याचेही वर्णन त्याने समाधानाने केले आहे.

म्हणजे येथे शिक्षणाचा प्रवाह उलटा वाहतो. बाप मुलाला शिकवीत नाही, तर मूल बापाला शिकविते. घर हे शिकण्याचे स्थान असले तरी त्या घरातील वडिलांचा अधिकार मात्र मान्य केलेला नाही. या उलट्या प्रवाहाला देखील घरच्या भाषेवाचून गती नव्हती, हे झेवियरच्याच अनुभवावरून दिसते. श्रद्धासूत्राच्या पहिल्या तमिळ अनुवादात ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थी ‘वेणुम्’ हा शब्द योजला गेला होता. त्याचा अर्थ ‘हवे आहे’ असा होतो. ही चूक ध्यानात आल्यावर, त्या ठिकाणी ‘विश्वास’ या शब्दावरून बनलेले रूप वापरावे, असे झेवियरने १५४४ मध्येच आपल्या सहकाऱ्यास कळविले. पाठांतर बिनचूक झाले म्हणून बोध बिनचूक होतोच असे नाही. मूल जे वाक्य घरी नेते त्याचा अर्थ घरातील माणसे आपल्या भाषेच्या नियमांनीच लावतात.

(३)

लिस्बनमध्ये मार्कुश जोर्ज या जेझुइटाने मुलांसाठी रचलेली संवादरूप ‘दोत्रिन’ पोर्तुगीज राज्यात सर्वत्र चालू झाली. हेन्रीक हेन्रीकेश याने तिचा तमिळ अनुवाद केला व तो १५७९ मध्ये कोचीन येथे छापला गेला. त्याच पुस्तकाच्या आधारे साष्टीतील लोकांच्या भाषेत ‘दोत्रिन’ तयार केली ती थॉमस स्टीफन्स याने. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्याची ‘दोत्रिन’ त्याच्या पश्चात १६२२ साली रायतूर (राशोल) येथे छापली गेली. ती ‘ब्राह्मण कानारीं’ भाषेत असून मुलांना शिकविण्यासाठी संवादाच्या रीतीने रचली आहे, असे तिच्या मुखपृष्ठावरच नमूद केले आहे. मारियानु सालदान्य यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे तिची प्रतिकृती प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती अभ्यासकांना सुलभ झाली.

आता या ग्रंथाशेजारी स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ठेवून पाहावे. ते १६१६ मध्ये प्रथम छापले गेले व १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य मराठीत आहे. आपण मराठी का निवडली, हे सांगताना कवीने ती भाषा अशा विषयास सर्वांत योग्य असल्याचे म्हटले आहे. मात्र शुद्ध मराठी सामान्यांस कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द आपण त्यात मिसळले, असाही खुलासा तो करतो. एकाच लेखकाने एकाच प्रदेशासाठी केलेली ही दुहेरी निवड बोलकी आहे. मुलाच्या पाठासाठी घरात बोलली जाणारी कोंकणी गद्यात वापरली, तर प्रौढांच्या श्रवणासाठी पुराणाची परंपरा असलेली मराठी ओवीत वापरली. भाषेच्या या दोन पातळ्या म्हणजे वस्तुतः अभ्यासक्रमाच्या दोन पायऱ्या होत. मूल ‘दोत्रिन’ पाठ करील आणि मोठे झाल्यावर त्याच कथांचा विस्तार पुराणातून ऐकेल, असा हा क्रम होता. १६३२ साली दियोगु रिबैरु याने कार्डिनल बेलार्मीन व इतर ग्रंथकारांच्या आधारे रचलेले ‘दोत्रिनी’चे विवरण रायतूर येथे प्रसिद्ध केले. त्याने सविस्तर स्पष्टीकरणाची जागा भरून काढली. कॅनिसियसने वयानुसार जी श्रेणी लावली होती, ती साष्टीत भाषा आणि वाङ्मयप्रकार यांच्याही साहाय्याने लावली गेली.

शब्दयोजनेतही हीच दृष्टी दिसते. ‘पाप’, ‘पुण्य’, ‘मुक्ती’, ‘वैकुंठ’ हे शब्द स्टीफन्सने पुराणात निःसंकोचपणे घेतले. ‘क्रूस’, ‘पाद्री’ यांसारखे विधी व संस्था यांच्याशी निगडित शब्द मात्र परकेच ठेवले. जेथे घरातील अनुभवाचा आधार मिळतो तेथे घरचा शब्द आणि जेथे वस्तूच नवी आहे तेथे नवा शब्द, असे या योजनेचे स्थूल धोरण होते. पुढे हे परके शब्दही घरच्या उच्चारात मुरले. ‘दोत्रिन’चे कोंकणीत ‘दोतोर्न’ झाले आणि पोर्तुगीज ‘इग्रेझ’ची ‘इगर्ज’ झाली. अशी ध्वनिपरिवर्तने पुस्तकातून होत नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी वापरातून होतात. धर्मशिक्षणाचा पाठ घरात शिरला होता, याचा हा भाषिक पुरावा होय.

स्टीफन्सच्या योजनेत एक उणीव राहिली, ती लिपीची. १६०८ मधील पत्रात त्याने देशी लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली होती. परंतु जोडाक्षरांसह सुमारे ६०० खिळे लागतील ही अडचण होती, आणि हे ग्रंथ शेवटी रोमन लिपीत छापले गेले. परिणामी भाषा घरची आणि लिपी चर्चच्या शाळेतील, असा दुभंग निर्माण झाला. मुलाच्या आईला पाठ ऐकून कळे, पण वाचता येत नसे.

(४)

या ग्रंथांचे कौतुक करताना त्यांच्याभोवतीची परिस्थिती विसरता येत नाही. १५५९ च्या राजाज्ञेने हिंदूंच्या अनाथ मुलांना ख्रिस्ती संगोपनाखाली देण्याची तरतूद केली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. ज्या काळात घराच्या हातून मूल काढून घेण्याचा कायदा होता, त्याच काळात घराच्या भाषेत मुलासाठी पुस्तक रचले जात होते. या विसंगतीचा उलगडा असा करता येईल की भाषेचा स्वीकार हा घराच्या अधिकाराचा स्वीकार नव्हता. भाषा ही घरात प्रवेश करण्याची वाट होती. तथापि ती वाट एकदा खुली झाल्यावर तिच्यावरून दोन्ही दिशांनी ये-जा होऊ लागली.

हे राज्यकर्त्यांनीही जाणले असावे. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीजमध्ये बोलावे. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सु द सांत मारीय याने विवाहेच्छूंसाठी पोर्तुगीजचे ज्ञान आवश्यक ठरविले. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि कोंकणीत ग्रंथ रचणारी संस्थाच नाहीशी झाली. या काळात शिक्षणाची भाषा आणि घराची भाषा पुन्हा विलग झाल्या.

तरीही कोंकणी घराघरांतून टिकली. पुराणाच्या बाबतीत जे घडले ते विशेष उद्बोधक आहे. सतराव्या शतकातील तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. काव्य वाचले ते हस्तलिखितांमुळे, आणि ती जपली मुख्यतः मंगळूर भागात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. त्या हस्तलिखितांच्या आधारेच जे. एल. सालदान्य यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केले. उत्तर कोकणातही असाच प्रकार दिसतो. फ्रान्सिस्कु वाझ द गिमरायश याचे १६५९ मधील मराठी पुराण मुंबई व वसई भागातील ख्रिस्ती समाजात चालत राहिले, आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावरही तेथील ख्रिस्ती वस्ती व तिची बोली शिल्लक राहिली. मुद्रणालय, शाळा आणि राजसत्ता यांपैकी कशानेही जे जपले नाही ते घराने जपले.

(५)

विसाव्या शतकात कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या विचाराने घराकडे क्रमाक्रमाने पाऊल टाकले. १९०५ मध्ये दहाव्या पायसने साप्ताहिक धर्मशिक्षणाचा आग्रह धरला. १९१० मध्ये त्यानेच पहिल्या कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांपर्यंत खाली आणले. त्यामुळे लहान वयातील शिक्षणाची निकड वाढली. १९५४ मध्ये रोम येथे सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी यांनी माँटेसरी तत्त्वांवर आधारलेले कार्य आरंभिले. त्यात तीन वर्षांच्या बालकालाही पाठांतराऐवजी वस्तू, कृती आणि बायबलातील कथा यांच्या द्वारा धर्मानुभव देण्याचा प्रयत्न होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना स्थान दिले, आणि १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक असल्याचे घोषित केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने (कलम ७७४) शब्दाने व आचरणाने मुलांना घडविण्याचे कर्तव्य प्रथम त्यांच्यावरच ठेवले. झेवियरच्या काळी उलटा वाहणारा प्रवाह अशा रीतीने सरळ झाला. पण आईवडील आद्य शिक्षक ठरले म्हणजे त्यांची भाषा ही आद्य भाषा ठरते, हा या तत्त्वाचा अटळ निष्कर्ष अजून पुरता अमलात आलेला दिसत नाही.

सोलापूर जिल्हा ज्यात मोडतो तो पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. अशा विस्तीर्ण धर्मप्रांतात, पुणे-सोलापूर मार्गावरील टेंभुर्णीसारख्या गावी एखादे कॅथॉलिक कुटुंब राहत असेल, तर रविवारच्या वर्गापेक्षा घरच्या शिकवणीवरच त्याची अधिक भिस्त राहणार हे उघड आहे. मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची, प्रश्नोत्तरीचे पुस्तक इंग्रजी, प्रार्थना पुस्तकी मराठीत आणि आजीचे बोलणे माढ्याकडच्या बोलीत, अशी स्थिती असल्यास निवड पुस्तकाची न राहता भाषेच्या पातळ्यांची होते. इंग्रजी पाठाला क्रमबद्धता व चित्रसमृद्धी यांचा लाभ असतो हे खरे. परंतु मूल जे शिकले ते आजीला सांगू शकत नसेल, आणि आजीची गोष्ट त्या पाठात बसत नसेल, तर १६८४ च्या हुकुमाने जे साधावयाचे होते ते कोणत्याही हुकुमावाचून साधले जाते.

साष्टीच्या अनुभवातून तीन कसोट्या निष्पन्न होतात. एक, लहान मुलाचा पाठ ज्या बोलीत घर बोलते त्या बोलीला जवळचा असावा; ग्रंथभाषेची पायरी नंतरची. दोन, तो घरातील निरक्षर माणसालाही ऐकून कळावा व त्यात भाग घेता यावा. तीन, त्यातील प्रत्येक मुख्य शब्द घरात कोणत्या अर्थाने वापरला जातो हे तपासावे, कारण ‘वेणुम्’सारखी चूक व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यातही दडलेली असते. स्टीफन्सने पहिली कसोटी पाळली, दुसरी लिपीमुळे अर्धीच पाळली गेली आणि तिसरीसाठी त्याने आयुष्याची चाळीस वर्षे साष्टीत वेचली. आज देवनागरीत छपाई सुलभ आहे आणि घराचा अधिकारही तत्त्वतः मान्य आहे. स्टीफन्सला यांपैकी एकही सोय उपलब्ध नव्हती. मराठी मुलांसाठी घरगुती धर्मशिक्षणाचा पाठ निवडताना किंवा नव्याने रचताना, त्याच्या ‘दोत्रिनी’कडे केवळ जुना मुद्रित ग्रंथ म्हणून न पाहता एक विचारपूर्वक केलेली भाषायोजना म्हणून पाहणे अगत्याचे आहे.