एयाकुरीआ, इग्नासिओ

एयाकुरीआ, इग्नासिओ : (९ नोव्हेंबर १९३०–१६ नोव्हेंबर १९८९). मुक्तिवादी ईश्वरविज्ञानाचे तत्त्वचिंतक व जेझुइट धर्मगुरू. जन्म स्पेनच्या बास्क प्रदेशातील पोर्तुगालेते येथे. १९४७ मध्ये जेझुइट संघात प्रवेश; लवकरच एल साल्वादोरला रवानगी. इन्सब्रुकला कार्ल राहनर यांच्याकडे ईश्वरविज्ञानाचे अध्ययन, माद्रिदला हाविएर सुबिरी यांच्याकडे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट. १९७९ पासून मृत्यूपर्यंत सान साल्वादोरच्या मध्य अमेरिकी विद्यापीठाचे प्रमुख.

कॉफीचे मळे मूठभर घराण्यांचे आणि त्यांत राबणारे बहुतेक भूमिहीन, अशा देशात त्यांचे मानवी हक्कांचे चिंतन घडले. हक्क सर्वांचे आहेत, हे त्यांना मान्यच होते. पण हक्काची पारख तो ज्याला नाकारला गेला त्याच्या बाजूने करावी, असा त्यांचा आग्रह होता. थोड्यांच्या मालमत्तेच्या हक्कापायी बहुसंख्यांना जगणेच अशक्य होत असेल, तर तो हक्क राहत नाही, विशेषाधिकार होतो. म्हणून त्यांच्या मांडणीत जगण्याचा हक्क सर्वांत आधी येतो. तत्त्व प्रत्यक्षात कोणाच्या पदरी काय टाकते हे तपासण्याच्या या पद्धतीला ते ‘ऐतिहासिकीकरण’ म्हणत. हक्कविचाराला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय.

१९७८ च्या एका निबंधात त्यांनी यशयाच्या ग्रंथातील दुःखी सेवक, ख्रिस्ताचा वधस्तंभ आणि नाडलेली जनता यांचा एकत्र विचार केला. ‘क्रूसावर खिळलेली प्रजा’ ही त्यांची संकल्पना त्यातून पुढे आली. गरिबी ही देवाची इच्छा नव्हे, माणसांनी रचलेले पाप आहे. या प्रजेला क्रूसावरून खाली उतरवणे हे ख्रिस्तानुयायाचे कर्तव्य आहे. त्यांच्यावर मार्क्सवादाचा आरोप झाला, तरी या विचाराचा पाया बायबलच आहे.

एल साल्वादोरच्या यादवी युद्धात सरकार व बंडखोरांनी वाटाघाटी कराव्यात, असे ते सतत सांगत राहिले. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या आत्लाकात्ल तुकडीने विद्यापीठाच्या आवारात त्यांना आणि पाच जेझुइट सहकाऱ्यांना ठार केले. साक्षीदार मागे ठेवू नये, असा हुकूम होता. म्हणून स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना यांनाही मारण्यात आले. २०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेन्ते मोन्तानो याला १३३ वर्षांची शिक्षा सुनावली. ती एयाकुरीआंसह पाच स्पॅनिश धर्मगुरूंच्या हत्येबद्दल होती. साल्वादोरी धर्मगुरू होआकिन लोपेस, एल्बा आणि सेलिना यांच्या हत्येबद्दल त्या निकालात शिक्षा नाही.