कार्ट्रिज-अनुस्पंदन आणि फोनो पूर्वविवर्धक

तबकडीच्या चरीतून जाणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणारा भुजेच्या टोकाचा घटक म्हणजे कार्ट्रिज, आणि त्याचा काही मिलिव्होल्टांचा संकेत मुख्य विवर्धकाला पुरेल इतका मोठा करणारे मंडल म्हणजे फोनो पूर्वविवर्धक होय. ठरावीक वारंवारतेला अल्प प्रेरणेनेही प्रणाली जोराने कंप पावते, याला अनुस्पंदन म्हणतात. पूर्वविवर्धकाच्या माथी मारले जाणारे बरेच दोष वस्तुतः कार्ट्रिजच्या अनुस्पंदनातून उद्भवतात.

सुईची दांडी ज्या रबरी आधारावर टेकलेली असते त्याची लवचीकता आणि भुजा व कार्ट्रिज यांचे एकत्रित परिणामी वस्तुमान यांवर यांत्रिक अनुस्पंदन ठरते. वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचीकता दर मिलिन्यूटनला मायक्रोमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने 159 ला भागले की वारंवारता मिळते. 18 ग्रॅम व 15 या मूल्यांना ती सुमारे 9.7 हर्ट्‌झ येते, आणि 8 ते 12 हर्ट्‌झ हा पट्टा इष्ट मानतात. जड भुजेला फार लवचीक कार्ट्रिज जोडल्यास ती 6 हर्ट्‌झच्याही खाली घसरते व वाकलेल्या तबकडीच्या हेलकाव्यांशी जुळते. 1954 मध्ये रूढ झालेल्या रिया (RIAA) या तबकड्यांच्या प्रमाणित ध्वनिसमतोल वक्रानुसार पूर्वविवर्धक खर्ज उचलून धरतो, म्हणजे 10 हर्ट्‌झचा संकेत 1,000 हर्ट्‌झच्या तुलनेत जवळजवळ दहापट वाढवतो. त्यामुळे ऐकू न येणारे हे कंपन विवर्धकाची क्षमता खाते आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा व्यर्थ हलवते. (बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्या या वक्राच्या आधीच्या असल्याने त्यांना तो तंतोतंत लागू पडत नाही.) अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा अमरावतीच्या राजापेठेसारख्या वस्तीतील तापलेल्या खोलीत रबर मऊ होऊन अनुस्पंदन आणखी खाली सरकते आणि आडव्यातिडव्या रचलेल्या तबकड्याही वाकतात, म्हणून अशा हवेत 20 हर्ट्‌झखालील कंपने अडवणारी गाळणी चैनीची वस्तू ठरत नाही.

विद्युतीय अनुस्पंदन मात्र पूर्वविवर्धकाच्या थेट दाराशी घडते. चलचुंबकी कार्ट्रिजच्या वेटोळ्यांची प्रवर्तकता, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, सुमारे 500 मिलिहेन्री असते. वायर व पूर्वविवर्धक मिळून 200 पिकोफॅरड धारकता, म्हणजे विद्युत्‌भार साठवण्याची क्षमता, असेल तर अनुस्पंदन 16,000 हर्ट्‌झजवळ येते, आणि लांब वायरीमुळे धारकता 400 झाली तर ते 11,000 च्या आसपास उतरून झांजेचा नाद कर्कश होतो. 47 किलोओहमचा प्रमाणित भार या उसळीला आवर घालतो. चलवेटोळी प्रकारात प्रवर्तकता अत्यल्प असल्याने हे अनुस्पंदन मेगाहर्ट्‌झमध्ये जाते.

जुन्या सुटकेसवजा रेकॉर्ड-प्लेअरमधील स्फटिक कार्ट्रिजला हा हिशेब लागू नाही. त्याला सुमारे 1 मेगओहमचा भार लागतो व तो 47 किलोओहमला जोडल्यास खर्ज नाहीसा होतो. त्यातील रोशेल क्षाराचा स्फटिक सुमारे 55 अंश सेल्सिअसला कायमचा निकामी होतो.