खेळण्यांतल्या शिपायाचा पुनर्जन्म

१९६४ सालीं अमेरिकेंतील हॅसब्रो कंपनीनें ‘जी. आय. जो’ हा सुमारें १२ इंच उंचीचा शिपाई बाजारांत आणला. वस्तुतः ही बाहुलीच. पण मुलगे बाहुली हातीं धरावयाचे नाहींत, या भयानें कंपनीनें तो शब्द कटाक्षानें वर्ज्य केला! सामान्य मानवाकृतीवर स्वामित्व सांगतां येईना, म्हणून त्याच्या गालावर व्रण उमटविला. पुढें व्हिएतनामच्या युद्धाचा लोकांस वीट आला आणि १९७० सालीं या शिपायास साहसी प्रवासी व्हावें लागलें. १९८२ सालीं तो परतला, तो पावणेचार इंचांचा होऊन!

२००४ सालीं, चाळिसाव्या वर्षानिमित्त, कंपनीनें जुन्या प्रतिकृती काढल्या आणि १९६४ चा शिपाई कापडी गणवेशासह पुन्हां अवतरला. वेष नेमका साधला. परंतु तो मध्यंतरीं कां उतरवावा लागला, हें नुसत्या वेषावरून कोणास कळणार? आम्हांस हें जतन अर्धेंच वाटतें. गिऱ्हाईक तेव्हां पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ होते. लहानपणीं ज्याचे हातपाय पिरगाळले, त्याची पेटी त्यांपैकीं कित्येक उघडीत देखील नसत. न उघडलेल्या पेटीला मोल अधिक येतें.